बांधीतली झाडं

ताराचंदच्या ऑटोत बसायचं म्हणजे भाडं देऊन वर भाषण ऐकायचं, असं भंडाऱ्यातल्या निम्म्या लोकांचं मत आहे. बसस्टँडवरून माणूस बसला, की पहिला चौक यायच्या आत ताराचंद मान मागं वळवून विचारतो, "रविवारी काय करून राहिले जी?" माणूस भोळेपणानं "काही नाही" म्हणाला की संपलं. रविवारी सकाळी त्याच्या हातात फावडं आलंच म्हणून समजा.

मागच्या सीटच्या पाठीशी, जिथं बाकीचे ऑटोवाले स्पीकर ठोकतात, तिथं हा रोपं ठेवतो. पावसाळाभर गाडीला ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास. त्याची बायको ललिताबाई म्हणते, "तुमच्या गाडीत सवारी बसो न बसो, आवळा तं बसलेलाच राह्यते." म्हणते चिडूनच, पण दुपारी ऊन पडलं की रोपांवर ओलं पोतं टाकायला तीच धावते.

हे वेड त्याला लागलं ते बसस्टँडबाहेरच्या जुन्या कडुनिंबामुळं. ऑटोवाले त्याच्याच सावलीला उभे राहत. एका मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटावं अशा उन्हात, ताराचंद सवारीची पेटी उतरवायला वाकला आणि तिथंच कोसळला. कुणा अनोळखी माणसानं त्याला बखोटीला धरून निंबाखाली ओढलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, उरलेलं पाजलं, आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं वारा घालत बसला. ताराचंद नीट शुद्धीवर आला तोवर त्या माणसाची एसटी सुटली होती. नाव विचारायचं राहून गेलं. चेहराही धड आठवत नाही. दुपट्टा पांढरा होता, एवढंच काय ते आठवतं.

पुढं एका वादळात तो निंबही पडला. म्हणजे माणसाचे उपकार फेडावेत तर पत्ता नाही आणि झाडाचे फेडावेत तर झाड नाही. ताराचंदला ही गोष्ट फार लागली. मग त्यानं ठरवलं, आपण झाडं लावायची, आणि चार माणसं सोबत घेऊन लावायची. आपल्याला एकट्या झाडानं थोडंच वाचवलं, त्याखाली एक माणूसही होता, असं तो सांगतो.

गेल्या वर्षी त्यानं शहराच्या कडेच्या एका लेआउटमधली, म्हणजे नव्या वसाहतीतली, मोकळी जागा हेरली. तिथं लोक कचरा टाकत आणि डुकरं आरामात लोळत. ताराचंदनं घरोघरी जाऊन सांगितलं, नुसतं झाड नका लावू, आपल्या एखाद्या माणसाच्या नावानं लावा. ही युक्ती लागू पडली. कुणी आईच्या नावानं आवळा घेतला, कुणी नुकत्याच झालेल्या नातीच्या नावानं बेल. भांड्यांच्या दुकानाचे मालक भैय्याजी, जे एरवी गिऱ्हाइकाला पितळेच्या गडव्यावर रुपयाही सोडत नाहीत, त्यांनी आपल्या वडिलांच्या नावानं निंब लावला आणि सगळ्यांना चहा पाजला. लेआउट अजून त्या चहाबद्दल बोलतं.

उषाबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांचे यजमान तेजराम एसटीत कंडक्टर होते. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. उषाबाईंनी जागेलगतच्या मंदिराच्या भिंतीजवळचा कोपरा निवडला, शांत आणि एकटा. निंबाचं रोप त्यांनी स्वतः खड्ड्यात ठेवलं. "ताराचंदभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर लावून राहिले. मले हे दुसऱ्यांदा जाऊ द्यायचे नाहीत."

आता हे वाक्य कुणाही माणसाची झोप उडवायला पुरेसं आहे. ताराचंद पेटून उठला. तो मूळचा एकोडीचा, भाताच्या शेतातला पोरगा. झाडाला आळं करायचं म्हणताच त्याच्या हातांनी ओळखीचंच काम केलं. भाताच्या शेताला त्याच्याकडं बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा उंच धुरा घालायचा, चिखलानं लिंपून घ्यायचा, पाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये. तशीच गोल आळी त्यानं एकेका रोपाभोवती केली, हातभर उंच आणि चांगली लिंपलेली. बाकीच्यांनी पाहून पाहून तशीच केली, कारण लेआउटमधले निम्मे लोक आसपासच्या भातवाल्या गावांतूनच आलेले. काम संपता संपता त्याचं स्वतःचं एक रोप उरलं. ते त्यानं त्या अनोळखी माणसाच्या नावानं आणलं होतं. पण भैय्याजींचा चहा थंड होत होता, म्हणून लेआउटच्या फाटकाजवळ खड्ड्यांच्या उरलेल्या मातीचा ढीग पडला होता, त्यावरच त्यानं ते खोचलं. आळं नंतर करू म्हणाला आणि विसरला.

त्यानंतर ताराचंद रोज सकाळी चक्कर मारी. पाऊस दोन दिवस उघडला की ऑटोत ड्रम टाकून पाणी आणी. गंमत म्हणजे त्याला पाणी फारसं टाकावंच लागत नसे. बघावं तेव्हा आळी काठोकाठ भरलेली. तो ललिताबाईला कौतुकानं सांगे, "माती कशी पाणी धरून बसली पाह्य."

श्रावण महिना लागला आणि पानं पिवळी पडायला लागली. आधी एक, मग ओळीनं सगळी. ताराचंद घाबरला आणि घाबरून त्यानं जास्त पाणी टाकलं. तेजरामच्या निंबाची पानं गळून नुसती काडी उरली. ताराचंदनं ती काडी हलवून पाहिली तर अलगद हातात आली, मुळं काळी, कुजकी. त्यानं ती घाईघाईनं परत खोचून ठेवली आणि चोरासारखा निघून आला.

त्या दिवसापासून त्यानं लेआउटचं तोंड पाहणं सोडलं. तिकडची सवारी आली की गाडीत पेट्रोल नाही म्हणे. बाजारात उषाबाई दिसल्या की ऑटो उलट्या दिशेला वळवी. एकदा तर त्याला दिसलं, की उषाबाईच त्याला पाहून भाजीवालीच्या आड झाल्या. इतक्या रागावल्या, की आपलं तोंडही पाहायचं नाही त्यांना. झाडं गेली याचं दुःख होतंच, पण एका बाईनं विश्वासानं हातात ठेवलेलं आपण सांडलं, हे त्याला घास गिळू देईना. यापुढं कुणाला कोणत्या तोंडानं रविवारी काय करता म्हणून विचारायचं?

पोळ्याला तो एकोडीला गेला. मोठा भाऊ श्रावण गावची शेती बघतो. बैल धुऊन झाले आणि दोघं भाऊ धुऱ्यावर बसले. समोर बांधीत गुडघाभर धान, त्यात पाणी चमकत होतं. ताराचंदला राहवेना.

"दादा, माही सारी झाडं मेली. पाणी तं एक दिवस कमी नाही पडू देलं."

"आळं कसं केलं होतं?"

ताराचंदनं हातांनी हवेत आळं काढून दाखवलं, लिंपणही दाखवलं. श्रावण इतका हसला, की बैलांनी माना वळवल्या.

"अरे बाबू, हे आळं नोहे, बांधी केली तू. झाड काय धान होय, पाण्यात उभं राहाले? आपल्या बापानं कधी बांधीत झाड लावलं का? वर पाह्य, झाड कोठी हाये."

ताराचंदनं वर पाहिलं. ते दोघं पळसाच्या सावलीत बसले होते. पुढं बाभूळ, त्याच्या पलीकडं मोह. सगळी झाडं धुऱ्यावर. जन्मभर ज्याखाली बसून भाकर खाल्ली, ते झाड कुठं उभं आहे हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं.

भंडाऱ्याला परतल्यावर तो थेट उषाबाईंच्या दारात गेला. काय शिव्या खायच्या त्या आजच खाऊन घेऊ, असं मनाशी ठरवून त्यानं कडी वाजवली. उषाबाईंनी दार उघडलं, त्याला पाहिलं आणि तो तोंड उघडायच्या आत त्यांच्याच डोळ्यांना धार लागली.

"भाऊ, मले माफ करा जी. माह्याच हातानं गेलं ते झाड."

ताराचंदला काही कळेना. उषाबाई पदरानं डोळे पुसत सांगू लागल्या. त्यांचं माहेर दिघोरीचं. धान पाण्यात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी जेवत नसे. शिवाय तेजरामांची सवय अशी, की ड्युटीवरून आले की आधी पाणी मागायचे, मग चपला काढायचे. "म्हणून रोज संध्याकाळी पितळेचा एक गुंड भरून पाणी नेऊन ओतत होते. त्यायचीच यायची वेळ ती. तुमाले सांगतलं नाही, म्हटलं हसतीन. पानं पिवळी पडली तं अजून ओतलं. मंग तुमी दिसले का मी लपून राहत होते."

ताराचंद दाराच्या चौकटीला टेकला. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी त्याला रडूही आलं. "बाई, मी बी ओतत होतो," तो म्हणाला. "तुमाले चुकवासाठी मी तं रोज गांधी चौकातून फिरून जात होतो."

बाकीच्यांनी काय केलं ते विचारायला दोघं मग शेजारी गेले, तिथून त्याच्या शेजारी. घरोघर तीच कथा. बेल लावणारे आजोबा सकाळी फिरायला जाताना बाटली रिकामी करत. भैय्याजींनी आधी साफ नाकारलं, मग म्हणाले, "एकच बादली, रोज. बापाच्या झाडाले बादलीबी नाही टाकाची का?" प्रत्येकजण आपल्या माणसाला गुपचूप पाणी देत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच हातून मेलं. माती काही पाणी धरून बसली नव्हती. सारं लेआउट मिळून त्या झाडांना बुडवत होतं. ही गोष्ट फिरत फिरत शेवटच्या घरी पोचली तोवर सगळे हसत होते, आणि उषाबाई सगळ्यात जास्त.

ताराचंदला लोकांनी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट येत्या रविवारी या म्हणून त्यालाच निमंत्रण मिळालं. ते आठवलं की तो आजही चालत्या ऑटोत एक हात सोडून कपाळाला लावतो, आणि मागची सवारी घाबरते.

पाऊस अजून गेला नव्हता. त्या रविवारी आधी सगळ्या बांध्या फोडल्या. साचलेलं पाणी वाट मिळताच पळालं. मग मातीचे उंचवटे केले आणि त्यांवर नवी रोपं लावली. मागच्या खेपेचं एकच झाड जिवंत होतं. फाटकाजवळच्या ढिगावर खोचलेला, कुणीही पाणी न दिलेला निंब कमरेएवढा होऊन तरारला होता.

ताराचंद उषाबाईंना तिथं घेऊन आला. "बाई, हे झाड मी एका माणसाच्या नावानं लावलं होतं. पण त्यायचं नाव मले माहीत नाही. आता हे तेजरामभाऊचं. तुमी माह्याच भरवशावर लावलं होतं."

उषाबाईंनी पानांवरून हात फिरवला. तो अनोळखी माणूस कोण, हे त्यांनी विचारून घेतलं, पाण्याची बाटली आणि पांढरा दुपट्टा सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाही जी. त्यायचं झाड त्यायलेच राहू द्या. मीच चुकले. ह्यायले मंदिराच्या कोपऱ्यात एकटं नेऊन ठेवलं होतं. जन्मभर भरल्या गाडीत उभा राहिलेला माणूस, एकट्यानं करमन का त्याले? इथं बाजूले लावते. दोघायले सोबत होईल."

त्यांनी स्वतःच्या हातानं माती ओढून उंचवटा केला आणि त्यावर रोप लावलं. पितळेचा गुंड सोबत आणलेला होताच. सवयीनं त्यांनी तो वाकडा केला, पण ओंजळभर पाणी पडताच हात आवरला. भरलेला गुंड हातात धरून त्या जराशा घुटमळल्या. परत घरी न्यायला मन होईना.

"घ्या भाऊ, बाकीचं तुमी प्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उन्हात हाये तुमी."

ताराचंद खाली बसला आणि त्यानं ओंजळ तोंडाला लावली. उषाबाई वरून धार धरून उभ्या होत्या. पाणी त्याच्या मनगटांवरून ओघळून मातीत जात होतं. तो पोटभर प्यायला, ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं वर पाहिलं. या वेळी पाणी देणाऱ्याचं नाव त्याला माहीत होतं.