दोनशे बारा नंबरचा बिल्ला

कोंडिराम ढोके चांद्याकडून भाईंदरच्या नवघरला राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक, बायकोचा फोटो आणि पितळेचा एक बिल्ला होता. ज्या कोळसाखाणीत हयात गेली ती बंद पडली होती, बायकोही गेली होती, आणि दोन्ही मुलं तिथेच नोकरीला लागली होती. न येऊन करतात काय?

बिल्ल्यावर २१२ हा आकडा ठोकलेला. खाणीत उतरताना, जिथे डोक्याचे दिवे मिळत त्या दिवाघरातल्या फळीवरून आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि वर आलं की परत खिळ्यावर अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. सगळे खिळे भरल्याशिवाय दिवाघराला कुलूप लागत नसे. भोंगा चुकेल, मुकादम चुकेल, पण फळी चुकायची नाही, अशी कोंडिरामांची खात्री होती.

नवघरच्या वन रूम किचनमध्ये पाय ठेवल्याबरोबर त्यांनी दाराशी फळी ठोकली. तीन खिळे: थोरला समाधान, धाकटा गुणवंत आणि स्वतः. पोरांचे पत्र्याचे बिल्ले केबिन रोडच्या चावीवाल्याकडून करून घेतले. पोरं कुरकुरली, पण बापाच्या तोंडी कोण लागणार! म्हातारा खाली कोथिंबीर आणायला गेला तरी बिल्ला खिशात. संध्याकाळी तिन्ही खिळे भरले की "आले सगळे वर" म्हणून आतून कडी घालायची.

समाधानची बायको वैजयंता स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. सकाळी डबे भरून निघायची ती दिवेलागणीला परतायची. लग्न झालं त्या वर्षी तिने एकदा विचारलं होतं, "मामाजी, माझा खिळा कुठाय?"

"बाया खाली उतरत नाहीत, बाई. कायदाच आहे तसा."

खाणीत तसा कायदा होता खरा. नवघरात खाण नव्हती, एवढंच काय ते त्यांच्या लक्षात आलं नाही. वैजयंता हसली आणि कणीक मळायला बसली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

दोन हजार सात साली दसऱ्याच्या सुमारास पंढरीनाथचा फोन आला. हा त्यांचा खाणीतला जोडीदार. आता त्याच बंद खाणीवर वाटाड्याचं काम करत होता. दिवाघराचं म्युझियम झालं होतं. शाळेच्या सहली यायच्या, पोरं डोक्याला दिवा बांधून फोटो काढायची. "फळी आहे, पण बिल्ले भंगारात गेले," पंढरीनाथ म्हणाला. "तुझा दे. काचेत ठेवू. खाली तुझं नाव लिहू."

कोंडिरामांना रात्रभर झोप लागली नाही. जन्मभर अंधारात राबलेल्या माणसाचं नाव काचेत उजेडात राहणार होतं. त्यांनी चिंच लावून बिल्ला लखलखीत केला. पुढच्या आठवड्यात पंढरीनाथचा भाचा मुंबईला येणार होता, त्याच्या हाती द्यायचं ठरलं.

मधल्या शनिवारी दोन्ही मुलं लवकर आली. क्रिकेटची मॅच होती. खिळे भरले. "आले सगळे वर," म्हणत कोंडिरामांनी कडी घातली. टीव्हीचा आवाज असा की कोण बाहेर दार ठोठावतंय ते कळायला मार्ग नाही, आणि बेल तर गणपतीपासूनच बंद. शेवटी भूक लागली तेव्हा समाधानला बायकोची आठवण झाली.

कडी काढली तर वैजयंता जिन्यात बसलेली. समोरच्या उर्मिलाकाकूंनी दिलेला चहाचा रिकामा कप शेजारी. ओव्हरटाइम करून आलेली बाई, ठोठावून ठोठावून हात दुखलेले. समाधान ओशाळून काहीतरी पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फळीपाशी थांबली.

"खिळे भरलेत की," ती शांतपणे म्हणाली. "मग बरोबरच आहे, मामाजी. खाली कोणीच नव्हतं."

कोंडिरामांना ते फार लागलं. ज्या फळीवर त्यांनी जन्मभर भरवसा टाकला, तिनेच त्यांच्या हातून घरचं माणूस बाहेर ठेवलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी वैजयंता चपला घालत होती. कोंडिराम दाराशी आले आणि त्यांनी तिच्यापुढे पितळेचा बिल्ला धरला.

"अहो, हा तर म्युझियमचा!"

"माझं काय आता, मी वरच असतो. तू ने. संध्याकाळी अडकव."

तिने बिल्ला उलटसुलट करून पाहिला, पर्समध्ये टाकला आणि जिना उतरली. कोंडिराम दिवसभर आपल्या रिकाम्या खिळ्यासमोर खुर्ची टाकून बसले.

दुपारी पंढरीनाथचा फोन आला. भाचा दादरला उतरला होता. बिल्ला घ्यायला कधी पाठवू, असं तो विचारत होता.

"तो बिल्ला खाली गेला आहे, पंढरी," कोंडिराम म्हणाले. "माणूस वर यायचं आहे अजून."