पुजलेलं हत्यार

उस्मानाबादकडून चिंचवडला आलेला ज्योतीराम लेथवर टर्नर होता. एकाहत्तर साली अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेला लाकडी पाय त्याने कोपऱ्यात उभा केला, त्याचं नाव ‘पाव्हणा’ ठेवलं आणि गडी एका पायावर उड्या मारत हिंडू लागला.

एकदा त्याच्या बायकोने, कस्तुराने, अंगणात बाज आडवी टाकली होती. वळसा कोण घालतो, म्हणून ज्योतीराम सरळ बाजेवरून पलीकडे गेला. शेजारचे रंगराव देहूरोडच्या लष्करातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “भावा, ही उडी मैदानात मार.” तेव्हापासून त्याला उंच उडीचं वेडच लागलं. अपंगांच्या स्पर्धांतली पदकं घरी येऊ लागली.

मग धड पायाचा गुडघा सुजला. परदेशच्या स्पर्धेसाठी मुंबईत निवड होती, नेमकी खंडेनवमीला. हा पायही गेला तर कायमचं बसावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ज्योतीरामने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नवमीच्या सकाळी त्याने पाना, पकड, कॅलिपर पाटावर मांडले. कस्तुराने त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि तेच बोट त्याच्या सुजल्या गुडघ्यावर टेकवलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

“हे काय?”

“तुमचं हत्यार. पुजलंय. आज चालवायचं न्हाई.”

ज्योतीराम संतापला. पण पूजेनंतर लेथ सुरू करणाऱ्या पोराला मागच्याच वर्षी त्याने कारखान्यात सगळ्यांदेखत झापलं होतं. तो दिवसभर बसून राहिला. मुंबई हुकली. दिवाळीपर्यंत तो बायकोशी धड बोलला नाही, पण तोवर सूज उतरली होती. पुढच्या निवडीत तो पहिला आला आणि परदेशात जाऊन तिसरा. तिथून आणलेलं पदक त्याने कस्तुराच्या गळ्यात घातलं.

एक्याऐंशी साली गुडघ्याने कायमचा नकार दिला. उडी सुटली तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. त्या नवमीला कस्तुरा नेहमीसारखी ताट घेऊन गुडघ्याशी आली. ज्योतीराम भिंत धरून उठला, कोपऱ्यातल्या पाव्हण्याची धूळ पुसली आणि त्याला पाटावर ठेवलं.

“ह्येला बी पूज. उद्यापास्नं हाच चालवायचाय.”

कस्तुराला रडू आलं. तिने डोळे पुसले, पाव्हण्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, “मग आता पाव्हणा नका म्हणू. घरचाच झाला.”