दगडावरून काढलेला रंग

बायको जाऊन वर्ष होत आलं तरी भिंतीवर तिचा फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला तरी लावायला हवा होता. पण फोनमध्ये होते ते सगळे शेवटच्या चार महिन्यांतले. लिव्हर गेलेलं, डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळी. ती तशी भिंतीवर लावून रोज तिच्यासमोर जेवू कसा? जुन्या अल्बमला ओल लागलेली. पानं सोडवायला गेलो तर फोटोतली तोंडंच निघून आली. राहिल्या त्या निगेटिव्हच्या पट्ट्या, बिस्किटाच्या डब्यात.

माझं शिक्षण चौथी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. पट्टी उजेडात धरली की मला नारिंगी भुतं दिसायची, बाकी काही कळायचं नाही. पोरगी इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत आहे, तिथंच राहते. तिनं पट्ट्या स्कॅन करून घेतल्या आणि एका रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

त्यातला एक फोटो मला हवा होता. आमच्या पहिल्या भाड्याच्या घराचं अंगण, मी आणि ती, मागं दगडी फाड्यांचं कुंपण. ती हसतेय. पोरगीनं निगेटिव्ह उलटं केलं तर सगळं निळसर आलं, दोघं विहिरीच्या तळाला उभे असल्यासारखे.

"अप्पा, यात नक्की पांढरं काय होतं सांगा. त्यावर टिचकी मारली की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात."

"माझा शर्ट. दिसत नाही?"

तिनं टिचकी मारली. शर्ट दुधासारखा झाला आणि बायको पिवळी पडली. तोंड, गळा, हात. हॉस्पिटलात होती तशीच, फक्त हसणारी.

"बंद कर ते! आजारात झाली तेवढी पुरे नव्हती? इथं पण पिवळी केलीस?"

"मी केली? शर्ट पांढरा कोण म्हणालं?"

मी उठून मागच्या दारी गेलो. तारेवर माझेच शर्ट वाळत होते, मीच धुतलेले, कळकट. त्यांच्याकडे बघत उभा राहिलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती असताना माझे शर्ट असे कधी नव्हते. शेवटच्या पाण्यात ती नीळ घालायची, आणि घालायची ती पण हात सोडून. कारखान्यात लोक चिडवायचे, "काय अण्णा, आज आभाळ घालून आला?" तो शर्ट पांढरा नव्हताच. निळ्याला पांढरा ठरवल्यावर बाकी सगळं पिवळं पडणारच.

आत येऊन म्हटलं, "शर्ट सोड. मागच्या दगडावर मार टिचकी. तो करडाच. तो कुणी धुतला नाही की रंगवला नाही."

तिनं मारली. माझा शर्ट निळा झाला आणि बायको आली. तीच.

पोरगी पुढं वाकली. "आई एवढी सावळी होती? मला आता ती पिवळीच आठवते."

"सावळी कसली, काळी होती. तुझी आज्जी म्हणायची, नाचणीच्या मुद्द्याचा काळा गोळा आणलाय घरात. मग तू काय माझ्यावर गेलीस वाटलं?"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "स्वल्प उजळ करू का अप्पा? श्राद्धाला लोक येतील, बघतील."

"हात लावू नकोस."

"सरी, सरी. नाही लावत." मग साडीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आणि साडी? हिरवीच होती ना?"

मी साडीकडे बघत बसलो. काही आठवेना. चार महिने उशाशी बसून मी तिचा पिवळेपणा रोज बघितला, सकाळी किती, संध्याकाळी किती. त्याआधीची सगळी वर्षं साडी नेसून ती दारात उभी राहायची, बरी दिसते का विचारायची, आणि मी चपला घालता घालता म्हणायचो, चल, बस जाईल.

"अप्पा?"

"असेल हिरवी," मी म्हटलं.

तिनं तशीच ठेवली. फोटो आता भिंतीवर आहे. श्राद्धाला आलेली शेजारीण म्हणाली, हिरवा रंग अक्काला खुलतो. मी हो म्हटलं.