घरात चार पायांचं कोण?

पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत खाजवाल्या डॉक्टरांचा प्रश्न यायचा, "घरात चार पायांचं कोण?" मुलुंड स्टेशनाजवळ त्यांचा कातडीच्या रोगांचा दवाखाना होता. पाटीवर नाव चांगलं भारदस्त होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. त्याचा त्यांना रागही नव्हता. "खाज गेली की डॉक्टरला विसरावं, हीच आमची पावती," म्हणायचे.

पुरळ दिसला की घरची माणसंसुद्धा ताट वेगळं करत, असे ते दिवस. डॉक्टर मात्र बोलता बोलता रोग्याचा हात हातात घेऊन बसत, आणि मग साबणाने खसाखसा धूत. आमच्या दादाचा हात त्यांनी असाच धरला होता.

ऐंशीनंतरची गोष्ट. दादाला आईने आपली किडनी दिली होती. शरीराने ती परकी मानू नये म्हणून त्याला रोज गोळ्या असत, आणि त्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्तीच मंदावायची. अशात त्याच्या उजव्या तर्जनीवर फोड आला आणि बघता बघता बोराएवढी लालभडक गाठ झाली. एका सर्जननी कॅन्सरची शंका घेतली, बोट काढावं लागेल म्हणाले. दादा आमच्या भजनी मंडळाचा मृदंग वाजवायचा. घरी येऊन तो मृदंगाकडे पाठ करून बसला. मी त्याला ओढतच खाजवाल्या डॉक्टरांकडे नेलं. आईही आली.

ठरलेला प्रश्न झाला. दादा पुटपुटला, "शेळी."

ती आईनेच देवनारच्या बकऱ्यांच्या बाजारातून आणली होती, पिल्लासकट. शेळीचं दूध हलकं, आजाऱ्याला उत्तम, हे आमचं कोकणातलं शास्त्र. पिल्लाच्या तोंडाला खपल्या होत्या आणि दादा त्याला हाताने पाला भरवायचा.

"झकास!" डॉक्टर म्हणाले. आम्हाला त्यात झकास काही दिसेना. "हा बहुतेक शेळ्यांचा व्हायरस. तुम्हा-आम्हाला झाला तर आपोआप जातो. याच्या गोळ्यांमुळे माजलाय. आधी तुकडा तपासू. कापायला मिनिट लागतं, पण बोट परत उगवत नाही रे बाबा."

आई रडायलाच लागली. "माज्यामुळा झाला मां हा?"

"आई, तुम्ही दूध दिलंत, रोग पिल्लाने दिला. तुमच्याकडे काही दोष लागत नाही."

तपासणीत कॅन्सर नव्हता. किडनीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी गोळ्या थोड्या कमी करायचं ठरवलं. तेव्हा आईने त्यांचा हात धरला. "डॉक्टरानु, बोट गेला तरी चलात, पण किडनी जावक नको." "दोन्ही ठेवू," ते म्हणाले, "घाई तेवढी नको." गाठ त्यांनी खरवडून काढली. ती पुन्हा आली, पुन्हा काढली. रक्ताचा रिपोर्ट यायचा त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवत नसे. किडनी शाबूत राहिली. हळूहळू बोटही सुकलं, नखाशी एक पांढरा डाग तेवढा उरला. तेव्हा मला किती हलकं वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

पुढे दवाखाना बंद करून डॉक्टर चिपळूणकडे निघाले. जाण्याआधी आमच्याकडे भजनाला आले. दादाचं बोट उजेडात धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं, मग सवयीने आईकडे वळले, "आता चार पायांचं कोण?"

"कोणी नाय, डॉक्टरानु," आई म्हणाली. "दोन पायांचो ह्यो एक आसा. आयका, कसो वाजवता तो!"