डागवालीने पाडलेला डाग

कपड्यांच्या त्या कारखान्यात पाळणाघर नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होतं. भिंतीवर दात काढून हसणारा ससा होता, खाली रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, ढिगाच्या आडोशाला पोरं होती आणि कोपऱ्यात काचेचं कपाट होतं. कपाटात खेळणी, कपाटाला कुलूप. कुलूप उघडायचं ते तपासणीवाले येणार असले की. त्या दिवशी खोकी गायब, चटई हजर आणि डागवालीच्या अंगावर घड्या पडलेला पांढरा कोट. झाली आया तयार.

डागवाली म्हणजे तयार कपड्यांवरचे तेलाचे, खडूचे डाग औषध मारून काढणारी बाई. तिचं टेबल पाळणाघराच्या दाराशी, म्हणून आया तीच. मायेची पात्रता एवढीच. पोरांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. यांची नाकं पुसायला मी तुमची मोलकरीण आहे का, असं ती मशीनवर बसलेल्या त्यांच्या आयांना तोंडावर विचारायची. आवाज असा की मशीनच्या खडखडाटावर चढून बसायचा. मॅनेजरच्या कडक शर्टावरून त्याला इस्त्रीसाहेब हे नावही तिनेच दिलेलं. तरी तो तिला काढत नव्हता, कारण तिच्या हाताखालून डाग वाचून गेला असं कधी झालं नव्हतं.

काजं करणाऱ्या बाईची पोर, बोलायला नुकती शिकलेली, दिवसभर त्या कपाटाला नाक लावून उभी असायची. आत निळ्या फ्रॉकमधली, पिवळ्या केसांची बाहुली. आडवी केली की डोळे मिटणारी. पण कपाटात उभी, म्हणून डोळे सताड उघडे. जेवणाच्या सुट्टीत पोर पहिला घास काचेला लावायची. मग काच पुसायला डागवाली, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

तपासणीच्या दिवशी बाहुली हातात आली की ही पोर खेळायची नाही. मांडीवर आडवी घ्यायची आणि डोळे मिटले की थोपटत बसायची. पाहुणे वाकून बघायचे, कॅमेरे काढायचे. इस्त्रीसाहेब दातातल्या दातात डागवालीला सांगायचा, खेळव की तिला, मख्खासारखी काय बसलीये. त्याला खेळणाऱ्या मुलाचा फोटो हवा होता. मुलाला काय हवंय, त्याचा कुठे फोटो निघतो?

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की हुकूम सुटायचा, खेळणी आत. बाहुली हिसकावायचं काम डागवालीचं. एकदा पोर तिच्या मनगटाला कडकडून चावली. पुढच्या खेपेला चावली नाही, रडलीही नाही. स्वतःच बाहुली पुढे केली आणि म्हणाली, "मावशी, आडवी ठेव ना. ती कधीपासून जागीच आहे."

डागवालीने आडवी ठेवली. इस्त्रीसाहेबाने ते पाहिलं आणि कपाट पुन्हा उघडायला लावलं. आडवी बाहुली बाहेरून दिसत नाही, उभी कर, पुढे ठेव. याच्या कारखान्यात बायका उभ्याउभ्या पेंगतात ते याला चालतं, पण एका बाहुलीची झोप बघवली नाही.

त्या दिवशी डागवाली कुणाशी भांडली नाही. बायकांना वाटलं, हिला ताप आला.

पुढच्या तपासणीनंतर खेळणी गोळा केली, तर बाहुलीच्या केसांत, तोंडावर, फ्रॉकवर मशीनचं काळं तेल. डब्यात बुचकळून काढल्यासारखं. इस्त्रीसाहेब पेटला. मशीनवाल्यांची पोरं, हात तेलकटच असणार, असं म्हणून डागवालीने खांदे उडवले. मग काढ डाग, तो ओरडला, तुझं दुसरं काम काय?

"हा निघत नाही, साहेब."

हे वाक्य त्या बाईच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण साहेबाने मानलं. ज्याने जन्मात स्वतःच्या बनियनचा डाग काढला नाही, तो न मानून करणार काय?

डागाळलेला माल म्हणजे रिजेक्ट. आणि कुणी नेऊन वापरू नये म्हणून रिजेक्ट मालावर कात्री मारून मगच तो फेकायचा, असा तिथला नियम. मार कात्री, म्हणत साहेब तिथेच उभा राहिला. पोर आईच्या मागून बघत होती.

डागवालीने कात्री उचलली आणि फ्रॉक मधोमध उभा चिरला. कापडाचा नियम आहे ना, कापडावर मारली, म्हणाली. चिंध्या आणि नागडी बाहुली दोन्ही त्याच्यादेखत कचऱ्याच्या टोपलीत टाकली. तो निघून गेला. कचऱ्यात हात घालायला साहेब थोडाच वाकतो?

संध्याकाळी फाटकापलीकडच्या कट्ट्यावर डागवालीने पिशवीतून बाहुली काढली, चिंधीवर आपलं औषध घेतलं आणि पुसायला बसली. हां हां म्हणता केस पिवळे, गाल गुलाबी. काजवालीने तोंडावर हात ठेवला. पोरीने बाहुली मांडीवर आडवी घेतली. डोळे मिटले.

डागवालीचं चालूच होतं. इस्त्रीसाहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार, नेहमीच्या पट्टीत. पोरीने ओठांवर बोट ठेवलं.

"मावशी, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

आणि कारखान्याच्या भोंग्यालाही न जुमानणाऱ्या त्या बाईने उरलेल्या शिव्या कुजबुजत दिल्या.