खिडकीबाहेरच्या काकी

मी चिकूच्या वाडीत गाडी घातली. पुढून घातली आणि मग ती मागे येईना. रस्ता चुकला नव्हता, गाडी बिघडली नव्हती, कुणी फसवलंही नव्हतं. मीच घातली.

"कोणी सांगितलेलं?"

हे वाडीच्या मालकीणबाईंचं, काकींचं, माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, असं मी तेव्हा समजत होतो. त्या ओरडत आल्या नाहीत, धावतही आल्या नाहीत. पदर खोचून, झाडांखालून वाकत, घरातल्या घरात चालावं तशा आल्या. माझ्या काचेवर दाबून बसलेली डहाळी त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिली, परत अलगद सोडली आणि मग मला विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी पुन्हा रिव्हर्स टाकला; फांद्यांनी गाडी जागेवरच धरली. ही नरपडची वाडी राखण्यासाठी या बाईंनी काय काय सोसलं होतं, ते त्या क्षणी मला आठवलं नाही. आठवायला हवं होतं. कागद एकेकाळी माझ्याच टेबलावर होते.

पण आधी गाडीबद्दल सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुमच्या नीट लक्षात येईल. मी एका सरकारी कचेरीत जमिनीच्या नोंदींच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालो. बरोबरीच्या लोकांनी डॉक्टरांना गुडघे दाखवले, नातवंडं सांभाळली. मी एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली आणि तिची कॅराव्हॅन केली. आत पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं, आणि झाकण लावलेली एक पेटी, जिचा उपयोग तुम्ही ओळखला असेल. पलंग मी मागच्या दोन्ही दरवाजांना आडवा, बोल्ट मारून बसवून घेतला. सुताराने विचारलं होतं, "साहेब, मागून उतरायचं नाय का?" मी म्हटलं, "मागून कशाला उतरायचं?"

बेत असा की लॉज नको, रिसॉर्ट नको, पाटी लावलेली कॅम्पची जागा तर मुळीच नको. जिथे मोकळं दिसेल तिथे गाडी लावायची, चहा करायचा, झोपायचं, सकाळी पुढे. बायको म्हणाली, "सगळा जन्म एका खुर्चीत काढलात. मोकळं काय असतं ते तुम्हाला दिसणार कसं?"

तिचं म्हणणं पहिल्याच मुक्कामाला खरं ठरलं. तलासरीच्या अलीकडे मला एक सुंदर, सपाट, निर्मनुष्य मैदान दिसलं. सकाळी डोळे उघडले तर गाडीच्या एका बाजूला सुक्या मासळीचे ढीग, दुसऱ्या बाजूला मिरच्या, आणि बॉनेटवर कुणीतरी परकर वाळत घातल्यासारखे विकायला मांडलेले. तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. गाडीवरची 'रुग्णवाहिका' ही अक्षरं मी घासून काढली होती, पण उन्हात ती परत उमटत. त्यामुळे येणारा जाणारा खिडकीत डोकावून माझ्या बायकोला हळूच विचारी, "लय शिरियस हाय का?" संध्याकाळी बाजार उठेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. बाहेर पडायला वाटच नव्हती.

तिथून आम्ही डहाणूकडे उतरलो आणि नरपडला रस्त्याच्या कडेला मला ते उघडं फाटक दिसलं. आत चिकूच्या दोन ओळी, मध्ये गारवा, आणि टोकाला पांढरा उजेड. म्हणजे पलीकडे समुद्रच असणार. बायको म्हणाली, "कुणाला तरी विचारा." मी म्हटलं, "विचारलं की नाही म्हणतात." वीस पावलं आत गेलो आणि कळलं, पांढरा उजेड म्हणजे नुकत्याच चुना मारलेल्या विहिरीचा कठडा होता.

चिकूचं झाड तुम्ही जवळून पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, आणि हंगामात फळांनी जड. मी आत शिरलो तेव्हा त्या गाडीच्या अंगावरून सरकत मागे वळल्या, मला आत घेतलं आणि परत जागेवर आल्या. आता गाडी मागे घ्यायला गेलं की त्यांची टोकं काचेच्या फटीत, आरशात, टपावरच्या पिंपात रुतत. गळाला लागलेल्या माशाला बहुधा असंच वाटत असावं. पुढे विहीर. सरकता दरवाजा चार बोटं उघडून फांदीला टेकला. पुढचे दोन्ही तेवढेही नाहीत. मागचे दरवाजे कुणी बंद केले ते सांगितलंच. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. त्या अर्ध्या खिडकीतून बायको तिरकी होऊन बाहेर गेली. मी प्रयत्न केला आणि पोटाशी थांबलो.

"काकी, दोन फांद्या कापल्या तर काम होईल," मी आतून म्हटलं.

"तुमचे दोन हात कापले तरी होईल," काकी म्हणाल्या. रागाने नाही. पर्याय सुचवावा तसं.

मग त्यांनी एक चिकू धरला, त्याच्यावर अंगठ्याचं नख ओढलं. सालीखाली हिरवी रेघ उमटली. "हिरवा हाय. नाय." दुसरा धरला. "नाय." त्यांच्या हातात तो नखाचा एक ओरखडा म्हणजे निकाल होता. "या ओळीची तोड गुरुवारी. तलासरीच्या बायका येतात. फळ उतरलं का फांदी वर जाते. तवर बसा."

तो सोमवार होता.

बायको त्यांच्या ओट्यावर राहायला गेली. तिथून मला तिचं हसणं ऐकू येई. तिला गरम पाणी होतं, झोपाळा होता, काकींच्या हातचा चहा होता. मला माझी कॅराव्हॅन होती. आडवं झालं की पाय दरवाजाला लागत, उभं राहिलं की डोकं टपाला. चारी काचांना हिरवी पानं चिकटलेली. निसर्गाच्या इतक्या जवळ मी आयुष्यात गेलो नव्हतो, आणि त्याच्याशी मला काहीही करता येत नव्हतं. दुपारी वारा पडला की आत गरम होई, मग पंखा म्हणून मी गाडीच्या कागदपत्रांची फाइल वापरी.

जेवण खिडकीतून येई. ताट अर्ध्या काचेतून जाईना, म्हणून काकी तांदळाच्या भाकरीची गुंडाळी करून आत सुकट भरत आणि पत्र टाकावं तशी आत सरकवत. "संपली का सांगा. लाजू नका. लाज असती तर आत घातली नसती गाडी."

मंगळवारी संध्याकाळी त्या एक रिकामं खोकं पालथं घालून खिडकीखाली बसल्या. हातपंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या पेटीत बघावं तसं त्यांनी आत बघितलं.

"चूल सोबत, बिछाना सोबत, पाण्याचं पिंपही सोबत. म्हंजे घर सोडवत नाय आणि घरात बसवत नाय."

"तसंच काहीसं."

"आणि रात्री लावता कुठे?"

"जिथे मोकळं दिसेल तिथे."

"ते कोणाचं असतं?"

"कुणाचंच नसतं, काकी. मोकळीच जागा."

त्यांनी पायापाशी गळून पडलेला एक चिकू उचलून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "सगळं कोणाचं तरी असतं, भाऊसाहेब. सातबारा लिहिणाऱ्याने असं बोलावं?"

मी काय काम करायचो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं असेल असं धरून मी झोपलो. नीट झोपलो नाही.

बुधवारी मीच विचारलं. "काकी, आपण आधी भेटलोय का?"

"तुमची ती खिडकी याच्यापेक्षा मोठी होती," काकी म्हणाल्या.

खिडकीमागे बसणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, हे मी बचाव म्हणून सांगत नाही. हात दिसतात, कागद दिसतात. काकींचा हात मात्र मला आठवायला हवा होता, कारण अंगठ्याचं ते नख चिकाने काळं पडलेलं होतं आणि ते माझ्या खिडकीच्या फळीवर अनेकदा टेकलेलं होतं. नवरा गेल्यावर वाडीच्या उताऱ्यावर स्वतःचं नाव चढवायला ही बाई नरपडहून यायची. मी म्हणायचो, "उद्या या." रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट आहे, उद्या या. साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या. शेवटी सगळे कागद जमले, तेव्हा मी ते खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं, आणि आठ दिवस रजा घेऊन फिरायला गेलो. किल्ली माझ्या खिशात, मी थंड हवेच्या ठिकाणी.

"त्या आठ दिवसांत दिराने रस्त्याकडची पट्टी विकली," काकी म्हणाल्या. "नाव माझं चढलेलं नव्हतं, सही माझी लागली नाय. आत यायचा मोठा रस्ता होता, तो त्या पट्टीत गेला. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जायच्या. आता हा बोळ उरला."

म्हणजे मी ज्या बोळात अडकलो होतो, तो मीच अरुंद केलेला होता.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं माहीत नाही. उठून निघून जाता आलं असतं तर मी गेलो असतो, एवढं खरं सांगतो. जाता येत नव्हतं. मान वळवली तरी पानंच. मी म्हटलं, "काकी, माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी एक चिकू नखाने खरवडला. "पिवळट व्हायला लागला," त्या म्हणाल्या. "उद्या उतरेल." आणि खोकं उचलून आत गेल्या. त्या रात्रीच्या भाकरीत सुकट नेहमीइतकीच होती. जास्त नाही, कमी नाही. मी दोन्हींपैकी कशाची तरी अपेक्षा करत होतो.

गुरुवारी बायका आल्या, टोकाला जाळी लावलेले लांब बांबू घेऊन. पहिलीने काचेतून मला पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "काकी, ह्यो कवा पिकायचा?" बाकीच्या खोकी खाली ठेवून हसल्या. त्यांनी माझ्या चारी बाजूंची फळं उतरवली. फांद्या खरंच वर गेल्या, वीतभर. उरलेल्या त्यांनी सुतळीने वर बांधल्या. काकी गाडीमागे उभ्या राहिल्या आणि हात हलवत, "येऊ दे, येऊ दे, थांब म्हटलं ना!" करत त्यांनी मला इंच इंच बाहेर काढलं. एकही डहाळी मोडली नाही. रस्त्यावर आल्यावर मी दरवाजा उघडला, खाली उतरलो, आणि पाय मोकळे करताना मला रडू आलं. बायकोला वाटलं गुडघा धरला.

त्यानंतर मी नरपडला जात राहिलो. गाडी रस्त्यावरच लावायचो, विचारून. काकी खिडकीशी यायच्या, मी आत असलो तर उतरू द्यायच्या नाहीत. "बसा. तुम्ही खिडकीतच बरे दिसता." एकदा त्या स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. चप्पल खाली काढून, पाय वर घेऊन. मी म्हटलं, "चला काकी, तलासरीला लेकीकडे सोडतो. नाहीतर धरणाकाठी राहू एक रात्र, तिघंही." त्यांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. दोन एसट्या गेल्या, एक रिक्षा गेली.

"वाडीला पाणी चालू हाय," त्या म्हणाल्या.

"बंद करा की."

"मग कोण चालू करणार? तुम्ही?" नवरा गेल्यापासून त्या एकही रात्र वाडीबाहेर झोपल्या नव्हत्या. पाठ वळली की पुन्हा काही विकलं जाईल, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला कळलं. मी गाडी चालू केली नाही. थोड्या वेळाने चप्पल शोधत त्या उतरल्या.

या पावसाळ्यात काकी गेल्या. मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा फाटक लावलेलं होतं, आणि ओट्यावर त्यांची तलासरीची लेक होती, समोर कागदांची पिशवी. चुलतभाऊ उरलेल्या वाडीवर डोळा ठेवून आहे, तिचं नाव लवकर चढायला हवं, एवढं तिने सांगितलं. मला उमाळा आला. हेच तर काम मला येतं. आयुष्यात एकदा ते वेळेवर करून दाखवावं. मी हात पुढे केला.

"द्या ते कागद माझ्याकडे, ताई. सगळं मी करून देतो. उद्याच."

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"आई सांगून गेलीय," ती म्हणाली, "भाऊसाहेब आले तर चहा द्या, कागद देऊ नका."