न मागणाऱ्या मॅडम

देणगीदार यायचा असला की आमच्या मॅडम टेबलावरचं पावतीपुस्तक उचलून कपाटात ठेवायच्या. "पाहुण्याला आल्या आल्या पावतीपुस्तक दाखवू नये हो," म्हणायच्या.

मी त्या ऑफिसात झाडलोट आणि चहा करते. कर्वेनगरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचं ते ऑफिस. मोठ्या देणग्या आणायचं काम मॅडमचं. तुम्हीही पाहिलं असेल, देणगी मागणारा माणूस खुर्चीच्या टोकावर बसतो. मॅडम मागे टेकून बसायच्या.

गुडघ्यांमुळे त्यांना जिने झेपत नसत, म्हणून मला सोबत न्यायच्या. कात्रजला एक काका होते. कारखाना विकून घरी बसलेले. त्यांच्याकडे आम्ही दोन वर्षं दर महिन्याला गेलो.

एकदा काका म्हणाले, "अहो, एवढ्या वेळा येता, मागत कसं नाही काही?"

"तुम्ही अजून आमची मुलं कुठे पाहिलीत?"

"पाहिल्यावर मागाल?"

"तेव्हा मागायची वेळच येणार नाही."

स्वयंपाकघरात त्यांची बायको, काकू, हसल्या.

मग शाळेच्या घरमालकाने सांगितलं, पुढच्या मे महिन्यात जागा रिकामी करा. नवी इमारत उभी करायची, नाहीतर शाळा बंद. शाळेचे सचिवसाहेब चिडले. "मॅडम, आपण देणग्या आणताय की सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच," मॅडम म्हणाल्या. "एकदा देऊन माणूस गेला, तर पुढच्या वर्षी शाळा कोण चालवणार?"

त्याच महिन्यात काकू गेल्या. सचिवसाहेब मॅडमना न सांगता तेराव्याला गेले आणि जेवणाच्या पंगतीतच बोलले, "काकूंच्या नावाने इमारत बांधू या." काका पानावरून उठले.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो. मॅडमनी माफी मागितली नाही, सचिवांचं नावही काढलं नाही. काकूंनी कुंडीत लावलेल्या लिंबाला पाणी कोण घालतं, एवढंच विचारलं. काका म्हणाले, "कोणी नाही." मॅडमनी मला तांब्या आणायला सांगितला.

दिवाळीनंतर मॅडम गेल्या. हृदय बंद पडलं. सगळे रडले. मला रडू आलं नाही. मी कप धुतले.

पुढे पंधरा दिवसांनी काका पहिल्यांदाच शाळेत आले. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. ऑफिसात मी एकटी होते.

"मॅडम कुठे आहेत?"

मी कोणाशी फार बोलत नाही. पण सांगावं लागलं.  काका म्हणाले, "मुलं दाखवा."

मी वर्गात नेलं. ते दारातच उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "इमारतीचं मी बघतो. सचिवांना सांगा. पण त्यांना माझ्याकडे पाठवू नका. तुम्ही येत जा."

"मी चौथी शिकलेय, काका."

"त्या काय मला शिकवायला येत होत्या?"

मे महिन्याआधी नव्या जागेवर चार खोल्या उभ्या राहिल्या. शाळा तिकडे गेली. उद्घाटनाला भाषणं झाली. मी चहा दिला. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

काकांकडे मी दर महिन्याला जाते. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मॅडम वर यायला वेळ लावायच्या. ते तसेच दार धरून उभे राहिले. मीही उभी राहिले.

मग म्हणाले, "या."